सायलेन्सर कापण्याआधी

लुना नगरची. हस्तीमल फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने ती 1972 साली बाजारात आणली, इटलीतल्या पियाजिओ कंपनीच्या ‘चाओ’ या मोपेडच्या धर्तीवर. फिरोदियांचं घराणं नगरचंच. वडील कुंदनमल वकील, स्वातंत्र्यलढ्यातले कार्यकर्ते आणि पुढे मुंबई विधानसभेचे अध्यक्ष. थोरले बंधू नवलमल बजाज टेम्पोमुळे ओळखले जाणारे. शाळामास्तर, दूधवाले, तलाठी, बँकेतले कारकून अशा कितीतरी घरांत सायकलनंतर आलेलं पहिलं इंजिन लुनाचं होतं. पेट्रोल संपलं तर पायडल मारत घरी येता यायचं, हा त्या काळी मोठाच गुण होता.

अशा कारखान्यातून गावाला गाड्या मिळतात, आणि मिलिमीटरच्या शंभराव्या भागाला महत्त्व देणारी माणसंही मिळतात. टर्नर, फिटर, बोअरिंग मशीनवर हात बसलेले कारागीर. जुनी दुचाकी घरच्या घरी नव्याने उभी करणाऱ्याला अशा माणसाची ओळख असणं हे महागड्या हत्यारपेटीपेक्षा मोलाचं. सरकारी कागदावर जिल्हा आता अहिल्यानगर झाला आहे, बोलण्यात अजून नगरच. आणि नगरमध्येही, राज्यात इतरत्र आहे तसंच, पोरांच्या मनात सध्या लुना नसून यामाहाची आरएक्स 100 आहे. 1985 ते 1996 या काळात एस्कॉर्ट्सने भारतात बनवलेली, 98 सीसीची, 11 अश्वशक्तीची, वजनाला हलकी गाडी. लुना आणि आरएक्स यांच्यात ऐपतीचं अंतर मोठं असलं तरी दोघींचं इंजिन एकाच जातीचं, टू-स्ट्रोक.

घरच्या गॅरेजला टू-स्ट्रोक सोपं वाटतं, कारण आत फारसं काही नसतंच. फोर-स्ट्रोकसारखे व्हॉल्व्ह नाहीत, कॅम नाही, टायमिंग चेन नाही. पिस्टन, कनेक्टिंग रॉड आणि क्रँक एवढाच मुख्य हलता ऐवज. हेड उघडायला चार नट. रविवारी सकाळी पोर्चमध्ये गोणपाट अंथरून बसलं तर जेवायच्या वेळेपर्यंत सिलिंडर हातात येतो. (आपल्याकडे ‘गॅरेज’ म्हणजे पोर्च, जिन्याखालची जागा किंवा वाड्याचा ओटा. डोक्यावर छप्पर, धूळ बसणार नाही असा कोपरा आणि घरच्यांची संमती एवढं पुरतं. तिसरी गोष्ट सर्वांत दुर्मीळ.)

पण हा सोपेपणा फसवा आहे. भाग कमी आहेत कारण इथे प्रत्येक भाग दोन-दोन कामं करतो. एक काम दिसतं, दुसरं दिसत नाही. घरी बांधलेली बहुतेक इंजिनं बिघडतात ती या न दिसणाऱ्या कामाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे.

पिस्टनपासूनच सुरुवात करू. तो ताकद क्रँकला देतो हे सगळ्यांना माहीत असतं. टू-स्ट्रोकमध्ये व्हॉल्व्हचं कामही तोच करतो. सिलिंडरच्या भिंतीत खिडक्या असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. पिस्टन वरखाली होताना त्या उघडतो आणि झाकतो. जळलेला वायू कधी बाहेर जाणार, ताजं मिश्रण कधी आत येणार, हे सगळं त्या खिडक्यांच्या कडा ठरवतात. म्हणून झिजलेला बोअर रिबोअरला दिला की कामं दोन होतात: भिंत गोल करायची आणि खिडक्यांच्या कडाही सांभाळायच्या. आरएक्सचा मूळ बोअर 50 मिलिमीटर, स्ट्रोकही 50. पाव-पाव मिलिमीटरच्या पायऱ्यांनी मोठे पिस्टन मिळतात. चौथ्या पायरीला बोअर 51 होतो आणि 98 सीसीचं इंजिन 102 सीसीचं. तेवढ्याने गाडी वेगवान होत नाही. इंजिनचं आयुष्य मात्र शेवटच्या पायरीवर येऊन ठेपतं. म्हणून पहिलं माप घ्यायचं ते बोअर किती बाकी आहे याचं: वर, मध्ये, खाली आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी. बोअर गोल न राहता लंबगोल झालेला असतो, आणि एकाच दिशेने मोजणाऱ्याला ते कळत नाही.

आधी पिस्टन हातात घ्यायचा, मग त्याच्या मापाने बोअर करायचा. पिस्टन आणि भिंत यांच्यातली फट मिलिमीटरच्या शंभराव्या भागात चार-पाच एवढीच असते. कमी पडली तर गरम झालेला पिस्टन फुगून जाम होतो, जास्त झाली तर खडखडतो. ‘पन्नासचा पिस्टन आहे, पन्नासचा बोअर करा’ असं सांगणाऱ्याला चांगला बोअरिंगवाला परत पाठवतो. बोअर करून आल्यावर खिडक्यांच्या कडांवरून बोट फिरवायचं. कटरने त्या धारदार केलेल्या असतात. बारीक कानशीने आणि पॉलिश पेपरने त्या किंचित मोडल्या नाहीत तर रिंग त्यात अडकून तुटते. रिंगच्या खाचेत एक बारीकशी पिन असते, तीही याचसाठी. रिंगची टोकं फिरत फिरत खिडकीसमोर येऊ नयेत म्हणून ती पिन त्यांना जागेवर धरून ठेवते. रिंग उलटी बसवून पिनेवर दाबून सिलिंडर चढवला तर पहिल्याच किकला काम परत काढावं लागतं.

आता खालचा भाग. क्रँककेस म्हणजे क्रँक ठेवायचा डबा अशी समजूत असते. पण हवा आणि पेट्रोलचं मिश्रण कार्बोरेटरमधून आधी या डब्यात येतं, खाली येणारा पिस्टन ते दाबतो आणि दाबलेलं मिश्रण वरच्या खिडक्यांतून सिलिंडरमध्ये शिरतं. म्हणजे हा डबा पंपही आहे, आणि पंपाला गळती चालत नाही. क्रँकच्या दोन टोकांना रबरी सील असतात. वीस-तीस वर्षांत ते कडक होतात. मॅग्नेटोकडचं सील गेलं तर तिथून फुकटची हवा आत येते, मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं आणि पिस्टन जाम होतो. क्लचकडचं गेलं तर गिअरबॉक्समधलं ऑईल ओढलं जाऊन मागून पांढरा धूर येतो. पहिल्या प्रकारात लोक कार्बोरेटर बदलतात, दुसऱ्यात रिंगा. पैसे जातात, रोग राहतो.

गळती शोधायची युक्ती मला फार आवडते. कार्बोरेटर आणि सायलेन्सर काढून त्या दोन्ही तोंडांवर रबर लावून पट्ट्या घट्ट आवळायच्या, एका पट्टीत सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवायचा आणि आत हलका दाब भरायचा. दाब भरायला आणि मोजायला घरातलं रक्तदाब तपासायचं यंत्र चालतं. त्याची तबकडी 300 मिलिमीटर पाऱ्यापर्यंत जाते, म्हणजे जेमतेम सहा पौंड, आणि या परीक्षेला नेमका तेवढाच दाब हवा असतो. त्याहून जास्त भरला तर चांगली सीलंही उलटतात. काटा पाच-सहा मिनिटं जवळपास स्थिर राहिला तर क्रँककेस बंद आहे असं समजायचं. उतरू लागला तर साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधायचे.

क्रँक मात्र घरी उघडू नये. तो अनेक तुकडे दाबून जोडलेला असतो. कनेक्टिंग रॉड आडवा थोडा हलला तर हरकत नाही, पण वरखाली जराही खेळत असेल तर क्रँक प्रेसवर उघडून, नवी पिन आणि बेअरिंग घालून, व्ही-ब्लॉकवर डायल गेजने सरळ करावा लागतो. हे काम ज्याचं आहे त्यालाच द्यावं. हातोडीने क्रँक सरळ करणारे मेकॅनिक आहेत. त्यातल्या एखाद्याला ते खरंच जमतं, म्हणून बाकीच्यांचं फावतं.

सायलेन्सरबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण सगळ्यात जास्त अत्याचार त्याच्यावर होतात. आतली जाळी काढणं, मागचं टोक कापणं, सरळ पाइप लावणं. आवाज वाढतो आणि कानाला वाटतं ताकद वाढली. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टन खाली असताना ताजं मिश्रण आत येण्याची खिडकी आणि जळलेला वायू बाहेर जाण्याची खिडकी या दोन्ही काही काळ एकाच वेळी उघड्या असतात. आत आलेल्या मिश्रणातला काही भाग थेट बाहेर निसटतो. ते थोपवण्याचं काम सायलेन्सर करतो, तेही कुठलाच हलता भाग न वापरता.

खिडकी उघडताच दाबाची एक लाट पाइपमध्ये धावते. पाइप जिथे रुंदावत जातो तिथून उलट्या जातीची, म्हणजे ओढून घेणारी लाट परत येते. ती उरलेला धूर बाहेर खेचते. पुढे पाइप निमुळता होतो तिथून दाबाची लाट परत येते, आणि ती बाहेर निसटलेलं ताजं मिश्रण खिडकी झाकली जायच्या आत पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. हे झोक्यासारखं आहे: धक्का नेमक्या वेळी बसला तर झोका उंच जातो, अवेळी बसला तर थांबतो. वेळेचा हिशेब वहीवर करता येतो. 7,500 फेऱ्यांना आरएक्सचं इंजिन सेकंदाला 125 वेळा फिरतं, म्हणजे एका फेरीला 8 मिलिसेकंद. बाहेरची खिडकी त्यातला साधारण निम्मा वेळ, 4 मिलिसेकंद, उघडी असते. तापलेल्या वायूत ध्वनी सेकंदाला सुमारे 500 मीटर जातो. 4 मिलिसेकंदांत होतात 2 मीटर. जाऊन यायचं म्हणजे 1 मीटर. पाइपमधली परतीची भिंत खिडकीपासून साधारण तेवढ्या अंतराच्या आत असायला हवी. तिथेच करवत चालवली की परत येणारी लाट गेली.

हे शास्त्र ज्याने रेसिंगमध्ये पूर्णत्वाला नेलं तो वॉल्टर काडेन, पूर्व जर्मनीतल्या एमझेड कारखान्याचा इंजिनिअर. दुसऱ्या महायुद्धात तो जर्मनीच्या क्षेपणास्त्रांवर काम करत होता. तुटपुंज्या साधनांत त्याने 1961 पर्यंत 125 सीसीच्या इंजिनातून 25 अश्वशक्ती काढली, लिटरमागे 200. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली, आणि सप्टेंबरमध्ये त्याचा सर्वोत्तम स्वार एर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधल्या शर्यतीतून परस्पर पळाला. बायकामुलांना गाडीच्या डिकीत लपवून त्याआधीच पश्चिमेकडे आणलं होतं. डेग्नर गेला तो जपानला, सुझुकीकडे, काडेनची विद्या घेऊन. पुढच्याच वर्षी तो 50 सीसी गटाचा जगज्जेता झाला. इंजिन लुनाएवढंच, ताकद सुमारे 8 अश्वशक्ती. यामाहासह जपानच्या सगळ्याच कारखान्यांनी नंतर ही पाइपविद्या आपलीशी केली, आणि आरएक्सच्या क्रोमच्या नळकांड्यात तिचाच एक माफक, घरगुती अवतार बसलेला आहे. त्यातली काजळी जाळून, खरवडून काढावी. टू-स्ट्रोकची मंदावलेली गाडी पुष्कळदा एवढ्यानेच सुधारते. कापू मात्र नये.

कापू नये याला कायद्याचंही कारण आहे. 80 ते 175 सीसीच्या दुचाकीला निर्मितीच्या वेळी आवाजाची मर्यादा 77 डेसिबल. आरएक्स या नियमाच्या आधीची असली तरी फटफटणारी गाडी पोलिसांनी अडवली की इतिहास सांगून सुटका होत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आवाजापुरतं थांबत नाही. निर्मात्याने ठरवलेला मूळ तपशील बदलेल असा फेरफार नोंदणीकृत वाहनात करता येत नाही, आणि केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हे अधिक स्पष्ट केलं. रंग बदलला तर तो आरसीवर नोंदवून घेता येतो. त्याच कंपनीचं, तसंच दुसरं इंजिन परवानगीने बसवता येतं. चासीचा मागचा भाग कापणं, पुढचे फोर्क लांबवणं, दुसऱ्याच गाडीचं इंजिन घालणं या सगळ्या ‘कस्टम’ गोष्टी प्रदर्शनाच्या मांडवात शोभतात, रस्त्यावर बेकायदा ठरतात. गंमत अशी की वाहनाचा नमुना तपासून मान्यता देण्याचा अधिकार नियम 126 प्रमाणे देशात ज्या मोजक्या संस्थांना आहे, त्यातली एक नगरमध्येच आहे: संरक्षण संशोधनाची व्हीआरडीई. तिचे चाचणीमार्ग गावाच्या शेजारी आहेत, पण ती दारं नमुना घेऊन येणाऱ्या निर्मात्यासाठी, पोर्चमधल्या एकट्या गाडीसाठी नव्हेत.

जुन्या गाडीच्या कागदांकडे इंजिन खोलण्याआधीच बघावं. 15 वर्षांनंतर पुनर्नोंदणी, पुढे दर 5 वर्षांनी नूतनीकरण. दक्षिणेकडच्या तालुक्यांना एमएच 16, उत्तरेकडच्यांना श्रीरामपूरचं एमएच 17. त्याहून जुन्या पाट्यांवर तीन अक्षरी मालिका असते. चासी नंबर आरसीशी जुळत नसेल तर गाडी कितीही स्वस्त मिळो, घेऊ नये. 2021 च्या नियमांनी 50 वर्षांवरच्या गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणी आणली, नव्या नोंदणीचं शुल्क 20,000 रुपये. 1972 सालची लुना आज त्यात बसते. अट एकच, गाडी मूळ रूपात हवी. आणि मग ती रोजच्या वापराला नेता येत नाही. आरएक्सला त्यासाठी 2035 पर्यंत थांबावं लागेल.

उरलं पेट्रोल. त्याचंही दुसरं काम आहे: टू-स्ट्रोकमध्ये क्रँक, बेअरिंग आणि पिस्टनपर्यंत ऑईल पोहोचवणं. आरएक्समध्ये ऑईलची वेगळी टाकी आणि पंप असतो, लुनात ऑईल पेट्रोलमध्येच मिसळायचं. जुना पंप भरवशाचा नाही म्हणून बरेच जण तो बंद करून लिटरमागे 30-40 मिली ऑईल टाकीत मिसळतात. चालतं, पण घाट उतरताना सावध राहावं लागतं. करंजी घाटात अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण सोडून गिअरवर गाडी खाली सोडली की इंजिन जोरात फिरतं आणि पेट्रोल जवळपास बंद असतं. म्हणजे ऑईलही बंद. मध्येमध्ये क्लच दाबून थोडी रेस द्यायची, हा जुन्या लोकांचा रिवाज त्यासाठीच. आणि जास्त ऑईल घातलं की इंजिन जास्त सुरक्षित, हेही खरं नाही. जेटमधून ठरावीक द्रव जातो. त्यात ऑईल वाढलं तितकं पेट्रोल घटतं, मिश्रण पातळ होतं.

आता त्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल आहे. प्रवरानगरला 1950 साली विठ्ठलराव विखे पाटलांनी सहकारी साखर कारखाना उभा केल्यापासून हा जिल्हा उसाचा झाला. इथल्या कारखान्यांच्या डिस्टिलऱ्या इथेनॉल बनवतात. उसाचं अर्थकारण त्यावर चालतं, पण जुन्या कार्बोरेटरला ते मानवत नाही. नुसतं पेट्रोल पुरतं जळायला वजनाने 14.7 पट हवा लागते, इथेनॉलला 9 पटच. 20 टक्के मिसळलं की गुणोत्तर साडेतेराच्या आसपास येतं. जुन्या जेटने तेवढाच द्रव सोडला तर मिश्रण सात-आठ टक्क्यांनी पातळ पडतं. याउलट नगर समुद्रसपाटीपासून सुमारे 650 मीटर उंच. इथली विरळ हवा मिश्रण तीनेक टक्क्यांनी घट्ट करते. बेरीज-वजाबाकी करून चार-पाच टक्क्यांची तूट उरते, म्हणजे मेन जेट मूळ आकड्यापेक्षा एक-दोन पायऱ्या मोठा. कोणी ‘जेट वाढव, गाडी उडेल’ म्हणतो त्यातला वाढवण्याचा सल्ला आज बरोबर निघतो, कारण मात्र वेगळं असतं. इथेनॉल रबरही फुगवतं आणि हवेतलं पाणी ओढतं. म्हणून पेट्रोलची नळी, कॉकचं वॉशर, फ्लोटची सुई नवीन घ्यावी, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करून ठेवावेत.

ट्यूनिंगला बसताना आधी इग्निशन टायमिंग लावून घ्यायचं. प्लगच्या जागी डायल गेज घालून, पिस्टन शिखरापासून गाडीच्या पुस्तकात दिलेल्या मिलिमीटर खाली असताना ठिणगी पडते ना ते बघायचं. ते झाल्याशिवाय कार्बोरेटरला हात लावू नये. कार्बोरेटरचे अंमल वाटलेले असतात: अ‍ॅक्सिलरेटर जेमतेम उघडा असताना पायलट जेट आणि हवेचा स्क्रू, पाव ते पाऊण सुई, त्यावर मेन जेट. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वहीत लिहायची. मेन जेटची परीक्षा चढावर होते. छत्रपती संभाजीनगरच्या वाटेवरचा इमामपूर घाट पूर्ण अ‍ॅक्सिलरेटरवर चढायचा, मागे वाहन नाही हे बघून क्लच दाबत इंजिन बंद करायचं, बाजूला थांबून प्लग काढायचा. बदामी-तपकिरी बरा, ओला काळा म्हणजे मिश्रण घट्ट, पांढरा म्हणजे धोक्याचा. शिसं गेलेल्या पेट्रोलवर प्लगला रंग हळू चढतो, त्यामुळे नव्या प्लगवर एका चढात निकाल लावू नये.

मात्र घाट गाठायचा तो गाडी रुळल्यावर. नवा पिस्टन घातल्यावर पहिल्यांदा इंजिन सुरू करून हाताला सिलिंडर चांगला गरम लागला की बंद करायचं, पूर्ण थंड होऊ द्यायचं. असं दोन-तीनदा. मग हेडचे नट समोरासमोरच्या क्रमाने पुन्हा आवळायचे. पॅकिंग बसल्याने ते हमखास ढिले झालेले असतात. पहिले 500 किलोमीटर अर्ध्याच्या वर अ‍ॅक्सिलरेटर नाही, पण एकाच वेगात रटाळ चालवणंही नाही. वेग वरखाली होत राहिला की रिंगा भिंतीवर नीट बसतात. मागे कुणाला घेऊ नये. त्यानंतर सिलिंडर एकदा काढून पिस्टनच्या बाजूंवर चमकते डाग कुठे पडलेत ते पाहावं. ते जास्त उठून दिसले तर बारीक तेलदगडाने उतरवावेत आणि सिलिंडर पुन्हा चढवताना पॅकिंग नवंच वापरावं.